साक्ष आणि फेरतपासणी

नागपुरात, सीताबर्डीच्या मेन रोडवरील एका जुन्या भांड्यांच्या दुकानात, गल्ल्याच्या खालच्या खणात, उधारीच्या वह्या आणि घरपट्टीच्या पावत्या यांच्यामध्ये, एका रक्तपेढीचे बोलावणे पावणेदोन वर्षे पडून होते. चार ओळींचे ते पत्र होते. आपण अमुक दिवशीच्या शिबिरात रक्तदान केले त्याबद्दल आभारी आहोत, तथापि आपल्या रक्ताच्या तपासणीसंबंधी काही बोलावयाचे असल्याने आपण समक्ष येऊन भेटावे, एवढाच त्याचा मजकूर. रोगाचे नाव त्यात नव्हते, आणि ते योग्यच होते. कारण पत्र कोण उघडील याचा नेम नसतो आणि रक्तदात्याचा भेद चव्हाट्यावर येऊ नये असा दंडक आहे. परंतु नाव नसल्यामुळेच दुकानाच्या मालकांनी, ज्यांना मी तीस वर्षे ओळखतो, ‘पुन्हा रक्त द्यायलाच बोलावत असतील, दिवाळी झाली की जाऊ’ असे म्हणून ते पत्र खणात सरकवले, आणि नंतर दोन दिवाळ्या उलटल्या. पुढे हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी धंतोलीतील एका रुग्णालयात गेले असता तेथील शिरस्त्याप्रमाणे आधी रक्त तपासले गेले, आणि कागदावर ‘अँटी-एचसीव्ही : रिअ‍ॅक्टिव्ह’ अशी ओळ उमटली. तेव्हा कुठे त्यांना खणातल्या पत्राची आठवण झाली.

त्यांच्या हयगयीला मी दोष देत नाही. कारण त्या ओळीमागचा हिपॅटायटिस सी हा रोग आपल्याकडील लोकसमजुतीच्या चौकटीत कोठेच बसत नाही. आपल्या भाषेत यकृताच्या दुखण्याला एकच सर्वपरिचित नाव आहे, कावीळ. आणि कावीळ म्हटली की डोळे पिवळे झाले पाहिजेत, लघवी पिवळी झाली पाहिजे, अन्नावरची वासना उडाली पाहिजे. मग कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी चुन्याच्या पाण्यात हात चोळून पिवळेपण उतरल्याचे दाखवतो, कोणी पथ्याला ताक व ऊस सांगतो, आणि बहुतेक साध्या काविळी आपोआप बऱ्या होत असल्यामुळे माळेचे माहात्म्य वाढत जाते. हिपॅटायटिस बी या रोगाला ‘पांढरी कावीळ’ म्हणण्याचा प्रघात पडला, त्याच्या मुळाशी निदान एवढी जाणीव आहे की पिवळेपणावाचूनही यकृत बिघडू शकते. सी मात्र त्याहूनही मुका. ज्यांच्या शरीरात हा विषाणू शिरतो त्यांपैकी फारच थोड्यांना आरंभी काही त्रास होतो. सुमारे ३० टक्के लोकांचे शरीर सहा महिन्यांच्या आत त्याला आपोआप हुसकावून लावते, आणि उरलेल्या ७० टक्क्यांच्या यकृतात तो ठाण मांडतो. तेथे तो वीस वीस वर्षे राहतो, आणि या मुदतीत अशा रोग्यांपैकी १५ ते ३० टक्क्यांच्या यकृताचे हळूहळू कडक, गाठाळ अशा अवयवात रूपांतर होते, ज्याला वैद्यक सिऱ्हॉसिस म्हणते. काहींना पुढे यकृताचा कर्करोग जडतो. या सर्व काळात माणूस दुकान उघडतो, लग्ने लावतो, पंढरीला जाऊन येतो. थोडा थकवा वाटतो, पण तो वयाच्या खाती मांडला जातो.

आमच्या भांडीवाल्यांना हा विषाणू कोठून मिळाला असावा, याचा शोध घेणे कठीण नव्हते. १९८८ साली वर्धा मार्गावर त्यांचा अपघात झाला होता आणि त्या वेळी त्यांना दोन बाटल्या रक्त चढवावे लागले होते. ते रक्त देणारा कोण होता हे आज सांगता येणार नाही. परंतु त्या वर्षी जगातील कोणत्याही रक्तपेढीत, मग ती नागपूरची असो की न्यूयॉर्कची, या रोगासाठी रक्त तपासणे शक्यच नव्हते, कारण विषाणूचा शोधच लागावयाचा होता.

त्या शोधाची कथा मला वैद्यकाच्या इतिहासातील अत्यंत हृद्य कथांपैकी एक वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वी आल्टर नावाचे डॉक्टर रक्त घेतलेल्या रोग्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून होते. हिपॅटायटिस बीची तपासणी सुरू झाल्यावर रक्तावाटे होणारी कावीळ थांबेल अशी अपेक्षा होती. ती कमी झाली, परंतु थांबली नाही. १९७३ साली हिपॅटायटिस एचा विषाणू सापडला आणि १९७५ पर्यंत स्पष्ट झाले की उरलेली कावीळ त्याचीही नव्हे. तेव्हा या अज्ञात रोगाला ‘ना ए, ना बी’ असे नाव देण्यात आले. ज्याचे नाव केवळ नकारांनी बनले आहे अशा वस्तूचा शोध घेण्यात पुढची चौदा वर्षे गेली. सूक्ष्मदर्शकात तो दिसेना, प्रयोगशाळेत वाढेना. आल्टर यांनी मात्र एक दूरदृष्टीची गोष्ट केली होती. रोग्यांच्या व दात्यांच्या रक्तद्रवाचे नमुने त्यांनी गोठवून जपून ठेवले होते, आणि कोणी ‘मला चाचणी सापडली’ असे म्हणून आला की ते त्याच्यापुढे सांकेतिक क्रमांकांचा एक संच ठेवीत. त्यात खरे रोगी, निरोगी माणसे आणि एकाच नमुन्याच्या दोन कुप्या बेमालूम मिसळलेल्या असत. दावेदार येत आणि या परीक्षेत नापास होऊन परत जात.

अखेर कॅलिफोर्नियातील कायरन या कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी, डॅनियल ब्रॅडली यांच्या साहाय्याने, निराळाच मार्ग धरला. विषाणू दिसत नाही तर न दिसो. ज्यांना तो झाला आहे त्यांच्या रक्ताने तर त्याला पाहिलेच असले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. बाधित चिंपांझीच्या रक्तातील जनुकद्रव्याचे असंख्य तुकडे त्यांनी जिवाणूंमध्ये घातले, प्रत्येक तुकड्यापासून थोडे थोडे प्रथिन तयार होऊ दिले, आणि या लक्षावधी वसाहतींवर एका रोग्याचा रक्तद्रव ओतून कोणत्या तुकड्याला तो ओळखतो ते पाहिले. अनेक वर्षांच्या कष्टानंतर एकच तुकडा हाती लागला. त्याला त्यांनी ५-१-१ असा क्रमांक दिला होता. त्यावरून बेतलेली चाचणी आल्टर यांच्या त्या कठोर परीक्षेत उत्तीर्ण झाली, आणि १९८९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे हॉटन यांना एक मोठा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा चू आणि कुओ यांना त्यातून वगळले म्हणून त्यांनी तो २०१३ साली नाकारला. २०२० चे नोबेल त्यांना आल्टर व चार्ल्स राइस यांच्यासह मिळाले. विषाणू डोळ्यांना दिसण्याआधी रोग्याच्या रक्ताच्या आठवणीने तो सापडला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण आजची प्राथमिक चाचणी याच आठवणीवर उभी आहे आणि तिचे सामर्थ्य व तिची मर्यादा दोन्ही तेथूनच येतात.

ही चाचणी प्रत्यक्षात कशी होते ते एकदा पाहण्यासारखे आहे. नमुन्याची नळी स्थिर ठेवून व वेगाने फिरवून वरचा फिकट द्रव वेगळा करतात. प्लॅस्टिकच्या एका तळहाताएवढ्या पट्टीवर शहाण्णव लहान लहान खळगे असतात, आणि प्रत्येकाच्या तळाशी विषाणूच्या प्रथिनांचा अदृश्य थर आधीच बसवलेला असतो. खळग्यात द्रवाचे काही थेंब घालून पट्टी ३७ अंश उष्णतेत, म्हणजे शरीराच्याच उबेत, ठेवतात. त्या माणसाच्या रक्तात या विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड असतील तर ते तळाच्या थराला घट्ट चिकटतात. नसतील तर पट्टी धुतली की सारे वाहून जाते. मग दुसरे एक द्रव्य घालतात, जे केवळ चिकटून राहिलेल्या मानवी प्रतिपिंडांनाच धरते, आणि त्याच्या पाठीवर एक विकर बांधलेले असते. पुन्हा धुतात, रंगद्रव्य घालतात, आणि जेथे प्रतिपिंड आहेत तेथे खळगा निळा होऊ लागतो. शेवटी आम्लाचा थेंब पडला की तो निळा रंग क्षणात पिवळाजर्द होतो. रोग्याच्या डोळ्यांत जे पिवळेपण वीस वर्षांत कधी उतरले नाही ते त्या खळग्यात उतरलेले पाहिले म्हणजे मन क्षणभर थबकते. यंत्र त्या रंगाची गडदता मोजते आणि ठरवून दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहून निकाल देते. बोटाच्या एका थेंबावर वीस मिनिटांत होणारी कार्ड-चाचणीदेखील याच तत्त्वावर चालते; तिच्यात रंगाऐवजी रेघ उमटते.

प्रतिपिंडांच्या या साक्षीला दोन प्रकारची उणीव आहे. पहिली अशी की साक्षीदार उशिरा येतो. विषाणू शिरल्यापासून प्रतिपिंड तयार होऊन ते चाचणीत उमटेपर्यंत साधारण आठ ते अकरा आठवडे जातात, आणि या अवधीत रक्तात विषाणू भरपूर असूनही खळगा स्वच्छ राहतो. दुसरी अशी की साक्षीदार एकदा आला की जन्मभर जात नाही. ज्याच्या शरीराने विषाणूला स्वतःच घालवून दिले, किंवा जो औषधाने पूर्ण बरा झाला, त्याच्याही रक्तात प्रतिपिंड वर्षानुवर्षे राहतात आणि चाचणी ‘रिअ‍ॅक्टिव्ह’च येते. म्हणून विषाणू या रक्ताला कधी काळी भेटला होता, एवढीच त्या शब्दाची कायदेशीर किंमत आहे. आज तो घरात आहे की नाही हे ठरविण्यास फेरतपासणी लागते, आणि ती प्रतिपिंडांची नव्हे, विषाणूच्याच जनुकद्रव्याची, आरएनएची. ती पीसीआर पद्धतीने होते, संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांतच सत्य सांगू शकते, आणि एका मिलिलिटरमध्ये विषाणूचे किती अंश आहेत त्याचा आकडाही देते.

याशिवाय केवळ अंकगणिताची अशी एक अडचण आहे की जिच्याकडे सुशिक्षितांचेही दुर्लक्ष होते. समजा, एका वस्तीत हजार लोकांची तपासणी केली, त्यांपैकी पाचांच्या रक्तात खरोखर प्रतिपिंड आहेत, आणि चाचणी इतकी चांगली आहे की शंभर निरोगी माणसांमागे तिची चूक एकदाच होते. तरीही त्या नऊशे पंचाण्णव निरोगी लोकांतून दहा जण चुकीने रिअ‍ॅक्टिव्ह ठरतील, आणि पंधरा चिंताक्रांत चेहऱ्यांपैकी खरे पाचच असतील. त्या पाचांतही एखाददुसरा असा निघेल की ज्याच्या अंगातून विषाणू केव्हाच निघून गेला आहे. म्हणून पहिल्या कागदावरून कोणाचे लग्न मोडणे, कोणाची नोकरी अडविणे, कोणाचे ताट वेगळे मांडणे हा घोर अन्याय होय. तो विषाणू एकत्र जेवण्याने, हात धरण्याने किंवा एका पेल्यातले पाणी पिण्याने पसरत नाही. तो रक्तातून रक्तात जातो, मग ती वाट रक्ताच्या पिशवीची असो, नीट न उकळलेल्या पिचकारीची असो, जत्रेतील गोंदणाच्या सामाईक सुईची असो की डायलिसिसच्या यंत्रावरील बेपर्वाईची.

नागपुरात या विषयाला जे विशेष गांभीर्य आहे ते येथील रक्ताच्या आनुवंशिक व्याधींमुळे. विदर्भातील काही समाजांत सिकलसेलचा दोष फार आहे हे १९५८ साली डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी नागपुरातील अभ्यासातून जगापुढे मांडले, आणि फाळणीनंतर जरीपटक्यात येऊन वसलेल्या सिंधी कुटुंबांनी थॅलेसेमियाचे दुःख सोसले आहे. थॅलेसेमिया मेजरच्या बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. याचा हिशेब करून पाहावा. वर्षाला किमान पंधरा पिशव्या धरल्या तरी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्या मुलाच्या शरीरात तीनशे अनोळखी माणसांचे रक्त गेलेले असते, आणि त्या तीनशेंपैकी एकाच्या बाबतीत जरी साक्षीदार उशिरा आला तरी भोग त्या मुलाच्या वाट्याला येतो. २०२२ च्या मे महिन्यात नागपुरातील चार थॅलेसेमियाग्रस्त बालकांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे व त्यांतील एक दगावल्याचे वृत्त देशभर पसरले आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने महाराष्ट्र शासनाकडे खुलासा मागितला, तेव्हा या शहरात जो प्रश्न नव्याने ऐरणीवर आला तो हाच, की दात्याच्या रक्तात विषाणूचे जनुकद्रव्य थेट शोधणारी ‘नॅट’ तपासणी सर्वत्र का होत नाही. ती कायद्याने सक्तीची नाही. खर्च मोठा आहे, यंत्रे थोडी आहेत. मला स्वतःला असे वाटते की सर्वांसाठी ती होईपर्यंत निदान ज्यांचे आयुष्यच परक्या रक्तावर तरले आहे त्यांच्या पिशव्यांपुरती तरी तिची तजवीज सरकारी तिजोरीतून व्हावी.

तथापि गेल्या तीस वर्षांत जे घडले तेही थोडे नव्हे. एके काळी रक्त विकणारे धंदेवाईक दाते रक्तपेढ्यांच्या दारी रांगा लावीत. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला तेव्हा देशातील निम्म्याहून अधिक रक्तपेढ्या विनापरवाना चालत असल्याचे त्या न्यायालयापुढे आले होते. त्या निकालाने राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषद स्थापन झाली, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्रयावर बंदी आली. हिपॅटायटिस सीची तपासणी प्रत्येक पिशवीसाठी बंधनकारक झाली ती २००१ च्या सुमारास. म्हणजे चाचणी जगात उपलब्ध झाल्यावर दहा वर्षांहून अधिक काळाने. त्या दशकात ज्यांनी रक्त घेतले त्यांतील कित्येक आज चाळिशी-साठीत आपापल्या घरी आहेत, आणि त्यांना कोणी शोधावयास गेलेले नाही.

रक्तपेढीचे काम हे आहे की वाईट पिशवी रोग्यापर्यंत पोचू नये. ते काम रिअ‍ॅक्टिव्ह पिशवी नष्ट केल्याने पुरे होते. परंतु त्या पिशवीमागे एक माणूस असतो, आणि त्याला शोधून फेरतपासणीपर्यंत व तेथून औषधापर्यंत नेणे हे दुसरे काम पिशवी नष्ट करण्याने होत नाही. पूर्वी हे दुसरे काम मागे पडे याला कारणही होते. इंटरफेरॉनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत, ज्वर येई, मन खचे, आणि इतके करून अनेकांना गुण येत नसे. अशा वेळी रोग कळून उपयोग काय असे डॉक्टरही हळूच म्हणत. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. आरंभी त्या एका गोळीची किंमत हजार डॉलर होती, चौऱ्याऐंशी दिवसांच्या चौऱ्याऐंशी गोळ्या. परंतु २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना तेच औषध बनविण्याचा परवाना मिळाला आणि किंमत शेकडो पटींनी खाली आली. २८ जुलै २०१८ रोजी, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा शोध लावणाऱ्या ब्लुम्बर्ग यांच्या जन्मदिनी, केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याखाली आरएनएची तपासणी आणि सोफोसबुव्हिर-डॅक्लाटास्व्हिरचा बारा आठवड्यांचा क्रम विनामूल्य मिळतो, आणि ९५ टक्क्यांहून अधिक रोगी बरे होतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेनुसार २०२२ साली भारतात सुमारे ५५ लाख लोक या विषाणूसह जगत होते. इजिप्तने २०१८ च्या ऑक्टोबरपासून अवघ्या सात महिन्यांत सुमारे पाच कोटी प्रौढांची तपासणी करून दाखविली. त्या देशात हा रोग सरकारी इंजेक्शनांच्या मोहिमेतूनच पसरला होता, आणि ते ऋण त्याने असे फेडले. आपल्याकडे सर्वांना तपासण्याची गरज नसेल. पण जुने रक्त घेतलेले, डायलिसिसवरचे, सिकलसेल व थॅलेसेमियाचे, नशेच्या सुईला बळी पडलेले, एवढ्यांच्या दारापर्यंत जाणे अशक्य नाही.

भांडीवाल्यांची फेरतपासणी झाली, विषाणू होता. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांचे एक साधे गणित मांडून डॉक्टरांनी यकृत अजून गाठाळ झालेले नाही असे सांगितले, आणि शासकीय केंद्रातून मिळालेल्या गोळ्या त्यांनी गल्ल्याशेजारी, गणपतीच्या तसबिरीखाली ठेवून रोज दुकान उघडताना एक याप्रमाणे घेतल्या. गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवडे थांबून आरएनए पुन्हा पाहिला, तेव्हा तो आढळला नाही. हर्नियाची शस्त्रक्रिया नंतर दुसऱ्या रुग्णालयात झाली, आणि तेथे कार्डावर पुन्हा दुसरी रेघ उमटली. परिचारिकेने त्यांच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला आणि तिचे वाचून होईपर्यंत शांत उभे राहिले. रक्तदान त्यांना यापुढे करता येणार नाही, नियमाने ते कायमचे वर्ज्य आहे. मागच्या शिबिरात मी गेलो तेव्हा ते मंडपाच्या तोंडाशी टेबल टाकून बसले होते, येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक स्वच्छ अक्षरात लिहून घेत होते, आणि क्रमांक एकदा मोठ्याने वाचून खातरजमा केल्याशिवाय कोणाला पुढे सोडत नव्हते.